पाच हजारांच्या आतबाहेर

जून उजाडला की लातुरात दोन धंद्यांना बरकत येते. पहिला अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, शिकवणीचा. दुसरा त्याच्या मागोमाग दोन चाकांवर येतो. अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार, गंगाखेड इथून आईबाप पोराला अकरावीसाठी घेऊन येतात. क्लासची फी भरतात, खोली बघतात, मेसचा डबा लावतात आणि खिशात जे काही उरतं त्यात सायकल बसवायला निघतात. ‘लातूर पॅटर्न’वर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यात दयानंद आणि राजर्षी शाहू महाविद्यालयांची नावं येतात, गुणवत्ता यादी येते, सराव परीक्षा येतात. पहाटेचा क्लास, दुपारचं कॉलेज आणि रात्रीची अभ्यासिका यांच्यामध्ये ते पोरगं पोचतं कशावर, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

दुकानात उभी असलेली सायकल आणि दुकानातून बाहेर पडणारी सायकल या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे बापाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

“हे स्टँड?”

“स्टँड वेगळं, मामा.”

“आन् घंटी?”

“घंटी वेगळी. कॅरिअर, चेनकव्हर, बास्केट, समदं वेगळं.”

“मंग साडेचार हजारात काय काय हाय?”

“सायकल हाय की!”

बाप एकेक वस्तू लावत जातो. कॅरिअर हवंच, कारण दप्तर आहे. मडगार्ड हवंच, कारण पावसाळा आहे. बास्केट पोराला नको असते, पण डबा कुठे ठेवणार, म्हणून आईला हवी असते. घंटीचा उपयोग लातूरच्या रहदारीत नेमका कोणाला ऐकू जाण्यासाठी होतो हा संशोधनाचा विषय आहे, तरी तीही बसते. सगळ्यात शेवटी कुलूप. दुकानदार दोन कुलपं काउंटरवर ठेवतो, एक स्वस्तातलं आणि एक जाडजूड. बाप आधी कुलपांकडे बघतो, मग पोराकडे बघतो आणि विचारतो, “ध्यान ठिवशील ना रं?” पोरगं मान हलवतं. स्वस्तातलं येतं. साडेचार हजारांची सायकल तोवर पाच हजारांच्या वर गेलेली असते आणि हा आकडा ओलांडताना आपण एक कायदेशीर सीमा ओलांडली, याची त्या बापाला सुतराम कल्पना नसते.

ती सीमा अशी. १८६० च्या जुन्या दंडसंहितेत चोरी म्हणजे चोरी होती. घंटी नेली काय आणि घोडा नेला काय, गुन्हा दखलपात्रच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ३०३ मध्ये एक बारीकशी सोय आली. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा सामाजिक सेवेची. शिवाय पाच हजारांच्या आतली ही चोरी अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. ही तरतूद करताना दिल्लीत कोणाच्या डोळ्यांसमोर काय होतं, कोण जाणे. पण लातूरच्या उद्योग भवन परिसरात क्लास सुटताना उभं राहून पाहिलं, तर ती सायकल समोर ठेवूनच लिहिली असावी अशी दाट शंका येते.

आता गंमत पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सामान्य माणसाला दिलासा म्हणून त्याचं स्वागतही झालं. कर सोडून ४,७०० रुपयांची सायकल धरा. जुन्या दरानं ती पडायची ५,२६४ रुपयांना. नव्या दरानं पडते ४,९३५ ला. ग्राहकाचे ३२९ रुपये वाचले आणि त्याच्या सायकलीची चोरी दखलपात्रातून अदखलपात्रात घसरली. अर्थखात्यानं दिलं आणि गृहखात्यानं नेलं, असं याला म्हणता येईल. ज्यांना ही घसरण मान्य नसेल त्यांनी एक चांगलंसं कॅरिअर बसवून घ्यावं.

सरकारी योजनेचा आकडा तर याहून नेमका आहे. मानव विकास कार्यक्रमात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या तालुक्यांतल्या मुली या सायकलींवर शाळा गाठतात. योजना चांगली आहे, आणि सातवीनंतर घरी बसवल्या जाणाऱ्या मुलींचा हिशेब मांडला तर फारच चांगली आहे. हे अनुदान पूर्वी साडेतीन हजार होतं, २०२२ मध्ये ते पाच हजार झालं. बरोब्बर पाच हजार! कायदा म्हणतो ‘पाच हजारांपेक्षा कमी’. म्हणजे अनुदानाइतक्याच किमतीची कोरी सायकल दुकानाच्या पायरीवर अगदी काठावर दखलपात्र असते. ती घरी पोचेपर्यंत रस्त्यात एक पंक्चर झालं, की संपलं.

कारण चोरी होते तेव्हा किंमत धरतात ती त्या दिवशीची. पोलिसांच्या कागदात यासाठी एक जुनं ठरलेलं वाक्य आहे. “एक काळ्या रंगाची सायकल, जुनी वापरती, किंमत अंदाजे दोन हजार रुपये.” फिर्याद द्यायला गेलेला विद्यार्थी सांगत असतो की महिन्यापूर्वीच टायर बदललंय, गिअरची आहे, मामांनी दहावीच्या टक्क्यांसाठी घेऊन दिलीय. लिहून घेणारा हवालदार यातलं ‘काळी’ एवढंच उचलतो. बाकीच्याला रकाना नाही.

“कुलूप लावलं व्हतं का?”

“लावलं होतं, साहेब.”

“मंग कुलूप कुठंय?”

“ते सायकलीलाच होतं.”

इथे थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही.

कुलपांचं प्रकरण तसं खोल आहे. मागच्या चाकावर बसवलेलं गोल कुलूप सगळ्यात सोयीचं. किल्ली फिरवली, खटका सरकला, झालं. त्यातल्या स्वस्त मालाच्या किल्ल्या मोजक्याच नमुन्यांच्या असतात, त्यामुळे पुरेसा मोठा सायकल तळ असला तर एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला आज ना उद्या लागतेच. परीक्षेच्या धांदलीत एक पोरगा दुसऱ्याची सायकल घेऊन खोलीवर पोचतो, संध्याकाळी कळतं की सीट जरा उंच लागतेय. हा चोर नव्हे, हा फक्त थकलेला आहे. शिवाय गोल कुलूप चाक फिरू देत नाही, सायकल उचलू मात्र देतं. पंधरा-वीस किलोंची वस्तू खांद्यावर टाकून दोन गल्ल्या चालणं मराठवाड्यातल्या माणसाला जड नाही. पावसाळ्यात तो आपली स्वतःची सायकलही तशीच नेतो, त्याकडे पुढे येऊच.

म्हणून शहाणी माणसं वायरचं किंवा साखळीचं कुलूप घेतात आणि सायकल कशाला तरी बांधतात. कशाला, हा खरा प्रश्न. महावितरणचा खांब जाड असतो, कुलूप पुरत नाही. क्लासच्या फाटकाला बांधली तर रखवालदार ओरडतो. कडुनिंबाचं रोप कोवळं असतं. उरते शेजारची सायकल. दोघे मित्र आपल्या सायकली एकमेकींना बांधतात आणि एकाचा क्लास दीड तास आधी सुटतो. काही जण फक्त पुढचं चाक जाळीला बांधतात. चाकाचे नट सोडायला एक पाना पुरतो, त्यामुळे परत येऊन बघावं तर चाक तेवढं इमानानं जाळीला धरून असतं. सायकलवेड्यांच्या दुनियेत मान असलेले अमेरिकेतले दिवंगत मिस्त्री शेल्डन ब्राउन सांगायचे, की मागचं चाक आणि सांगाडा जिथे एकत्र येतात त्या त्रिकोणातून कुलूप घ्या आणि ते पक्क्या लोखंडाला अडकवा. सल्ला सोळा आणे खरा. त्यात अडचण एकच, ते पक्कं लोखंड महापालिकेनं बसवलेलं असावं लागतं.

आणि महाग कुलूप म्हणजे निर्धास्त, असंही नाही. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नामांकित कंपनीची गोल किल्लीची भक्कम कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात, असं एका सायकलस्वारानं चित्रफितीसह दाखवून दिलं. कंपनीला कुलपं बदलून देण्याची वेळ आली. ती कुलपं तेव्हा लातुरात आली नाहीत हे फार बरं झालं. ज्या गावात दर माणशी चार बॉलपेनं खिशात असतात, तिथे काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

सबंध सायकल नेणं हे तसं धाडसाचं काम. सुट्या भागांची चोरी मात्र बसल्या जागी होते. सीट वरखाली करायला हातानं फिरणारी कळ आली, तेव्हा ती सोय वाटली होती. आता खोलीवर अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकाशेजारी सीट ठेवलेली दिसते. रिफ्लेक्टर जातो, घंटीची वाटी जाते, व्हॉल्व्हचं टोपण तर जाण्यासाठीच जन्माला आलेलं असतं. यात पैशाचा मोह फारसा नसतो. एकाचं टोपण गेलं की तो दुसऱ्याचं काढतो, दुसरा तिसऱ्याचं, आणि टोपणं साऱ्या वसतिगृहाला प्रदक्षिणा घालून वर्षअखेरीस मूळ मालकाकडे येतात. पाच हजारांचा कायदा इथे हात टेकतो.

नांदेडला सायकलीचा स्वभाव जरा निराळा आहे. विद्यार्थी तिथेही भरपूर आहेत, श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर या भागांत क्लासही आहेत. पण शहर जुनं, गोदाकाठचं, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातलं. इतवारा आणि देगलूर नाक्याकडे अजून असा मिस्त्री भेटतो, जो सायकल बघायच्या आधी ऐकतो. चाकाचा आवाज ऐकून सांगतो, कोन ढिला आहे की छर्रे गेलेत. त्याची भाषा दखनी.

“मालक, टायर का तो जनाजा निकल गया. ट्यूब नक्को बदलो, टायर बदलो.”

“जोडून द्या ना भाई, महिना निघू द्या.”

“महिना? ये तो घर तक भी नक्को बोलरा.”

पंक्चर काढणं हे पाहण्यासारखं काम आहे. टायर पान्यानं रिमच्या बाहेर काढायचं, ट्यूब ओढायची, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच फिरवायची. बुडबुडे आले की तिथे खूण, मग कानस, मग सोल्युशन, मग फुंकर, मग तुकडा, वर हातोडीचे दोन ठोके. नवशिका इथेच थांबतो आणि दहा मिनिटांत पुन्हा येतो. जुना मिस्त्री टायरच्या आतून अंगठा फिरवून काटा शोधतो, कारण तो अजून तिथेच बसलेला असतो. काटे कमी नाहीत. शेताच्या बांधावर सराटे आहेत, रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहे. हवेचं टायर १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी केलं, ते आपल्या पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. डनलॉप पेशानं जनावरांचे डॉक्टर. लातूर-नांदेडला डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या चाकांत हवा भरली ती अशी एका डॉक्टरानेच. त्यांनी वेडी बाभूळ पाहिली असती तर बहुधा भरीव रबरावरच राहिले असते.

ऋतूंचंही सायकलीशी वैर आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की उन्हात उभ्या केलेल्या सायकलीची हवा फुगते, जुनं पंक्चर सैल होतं आणि भर दुपारी निर्मनुष्य गल्लीत ‘फट्ट’ असा आवाज येतो. जाणता माणूस उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवतो आणि सावली बघून लावतो. चोराला तीच सावली सोयीची असते, पण सगळं एकाच वेळी साधत नाही. पावसाळ्यात गावाकडचा प्रश्न वेगळा. तिथली माती काळी, चिकट. पांदीतून जाताना ती चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं उकरायचं, चार पावलं जायचं, पुन्हा उकरायचं, आणि शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची. दुकानात ज्या मडगार्डासाठी बापानं पैसे मोजले ते जुलैत काढून माळ्यावर जातं आणि पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटते. ती रेघ बघून पोरगं कोणत्या रस्त्यानं आलं हे मास्तर ओळखतात.

तेलाबद्दल दोन मतं आहेत. घरचे म्हणतात, चेनला खोबरेल लावा. मिस्त्री म्हणतो, गॅरेजमधलं जळकं ऑइल आणा. दोन्हीवर धूळ बसते आणि दोन्हीचा काळा डाग उजव्या पायाच्या पोटरीवर सारखाच पडतो. खरं म्हणजे आधी जुना चिखलट थर रॉकेलच्या फडक्यानं पुसावा, मग थेंब थेंब पातळ तेल सोडावं आणि वरचं जास्तीचं पुसून टाकावं. पुसून टाकावं म्हटलं की तेल वाया गेलं असं वाटतं, म्हणून हा शेवटचा भाग कुणीच पाळत नाही. ओव्हरऑइलिंग वर्षातून एकदा करावं, असंही सगळे सांगतात. ते ‘एकदा’ येतं चाक जाम झाल्यावर.

ज्यांच्या सायकली कधीच चोरीला जात नव्हत्या अशी एक जमात पूर्वी होती, तासावर सायकल भाड्यानं देणारे. त्यांची सगळी चाल एकच. मडगार्डवर जाडजूड अक्षरांत दुकानाचं नाव आणि नंबर, सांगाड्याला डोळ्यांवर येईल असा रंग. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसा हा प्रकार, विकायला गेलं तर वस्तूच साक्ष देणार. महाराष्ट्रातल्या पुष्कळ नगरपालिका सायकलवर कर घेऊन पत्र्याचा बिल्लाही द्यायच्या. लोक तो चुकवायला आडवाटेनं जात, पण बिल्ल्यावरच्या नंबरामुळे सायकलीला निदान एक ओळख असे. जपानमध्ये आजही सायकलीची नोंदणी सक्तीची आहे, सांगाड्यावर नंबराची चिकटपट्टी असते आणि पोलीस तो नंबर तपासतात. आपल्याकडे ओळख म्हणून उरला तो सांगाड्यावर ठोकलेला नंबर, बहुधा पायडलच्या दांड्याखाली, जिथे चिखल सगळ्यात आधी बसतो. तो सायकल घेतल्याच्या दिवशीच मोबाइलवर टिपून ठेवावा आणि पावतीचाही फोटो काढावा. चोरी झाल्यावर नंबर शोधायला सायकल उलटी करावी लागते, आणि त्या वेळी ती नसते.

पैसे देऊन सायकल तळावर लावली तर चिठ्ठीवर छापलेलं असतं, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. म्हणजे पैसे नेमके कशाचे, असं विचारायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून गेलेल्या एका मारुती झेनच्या प्रकरणात असं ठरवलं, की गाडी एकदा हॉटेलच्या ताब्यात दिल्यावर, स्वतःचा हलगर्जीपणा असा छापील वाक्याआड लपवता येणार नाही. ती गाडी गेली होती १९९८ साली. मारुतीला एकवीस वर्षं लागली, तर सायकलीनं किती पिढ्यांची तयारी ठेवावी? त्या मानानं नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातलं जोडाघर पाहावं. चपला आदरानं घेतात, टोकन देतात, तेच टोकन दाखवलं की त्याच चपला परत. शंभर-दोनशेच्या चपलेला हा थाट आहे, चार हजारांच्या सायकलीच्या नशिबी तो क्वचितच येतो.

चोरीची सायकल जाते कुठे? लांब जायची तिला गरजच नसते. मेमध्ये ‘नीट’ परीक्षा झाली की लातुरातली एक अख्खी तुकडी आपल्या सायकली पुढच्या तुकडीला विकून गावी जाते. वसतिगृहाच्या जिन्यात ‘सायकल विकणे आहे’ अशा चिठ्ठ्या लागतात. पावती कुणी मागत नाही, कुणी देत नाही. इतक्या भाबड्या बाजारात एखादी परकी सायकल मिसळून गेली तर ओळखणार कोण? विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्ही शहरांचं २००९ पासून बिनसलेलं आहे. बिनपावतीच्या मालाला मात्र दोन्ही शहरं एकाच विभागात येतात. प्रकाश कुंटे यांच्या २०१८ च्या ‘सायकल’ या मराठी चित्रपटात कोकणातल्या एका ज्योतिष्याची जिवापाड जपलेली सायकल चोरीला जाते. स्वतःची सायकल जाणार हे ज्याला पत्रिकेत दिसलं नाही, त्याला लोक तिथे भविष्य विचारायला येतच राहतात. मराठवाड्यात पावतीची जागा बहुधा असाच विश्वास घेतो.

कधी कधी चोर सापडतोही. मग ठाण्याच्या आवारात सायकली ओळीनं लागतात, मागे पोलीस उभे राहतात, फोटो छापून येतो. फोटो पाहून वीस जण येतात आणि काळ्या सायकलीवर सहा जण हक्क सांगतात. नंबर कुणाकडेच नसतो. “सीटला डावीकडं फाटलंय बघा, साहेब,” असं एक जण सांगतो. सगळ्याच सीटा डावीकडे फाटलेल्या निघतात. पावतीवाल्याला न्यायालयाच्या आदेशानं सुपूर्दनाम्यावर सायकल मिळते. तोवर त्याची दुसरी घटक चाचणी झालेली असते आणि बापानं दुसरी सायकल घेऊन दिलेली असते.

उरलेल्या सायकली आवारातच राहतात. जाहीर प्रकटन निघतं, सहा महिन्यांची मुदत जाते, कुणी फिरकत नाही, मग लिलाव. लिलावाला भंगारवाले येतात. ते रंग बघत नाहीत, कंपनी बघत नाहीत, हँडल धरून एकदा उचलून बघतात, आणि इथे सायकलीची किंमत पहिल्यांदा अंदाजे न लागता काट्यावर लागते. एका सायकलीच्या सांगाड्याला साखळीचं कुलूप तसंच अडकलेलं असतं, जाडजूड, चांगल्यापैकी महाग. हवालदार ते तोडायला हातोडी मागवतो.

“राहू द्या साहेब,” भंगारवाला म्हणतो, “कुलपासकट तोला. त्याचंच वजन जास्त भरतंय.”